केडगावात शिवलेला कोट

हमीदचाचांना कुणाचं नाव सांगितलं तर ते आधी कमरेवरून खात्री करून घ्यायचे. कोण गुंजाळ? चाळीस कंबर, डावा खांदा उतरता, तेच ना? आपण हो म्हटलं की मग पुढचं बोलणं. रस्त्यानं माणूस चालला की त्यांची नजर आधी त्याच्या खांद्यावर, मग कमरेवर, मग पँटच्या तळाशी आणि सगळ्यात शेवटी, जमलंच तर, तोंडावर जायची. त्यामुळे चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत. माझ्या मावशीशी एकदा ते चांगला अर्धा तास माझी आई समजून बोलत होते, कारण दोघी बहिणींचे खांदे सारखे. मावशीही वस्ताद, तिनं पत्ता लागू दिला नाही.

नगरला लागून असलेल्या केडगावात पुणे रोड सोडून आत वळलं की आमची गल्ली. आम्ही मूळचे सोनईचे. पप्पांना इकडच्या शाळेत क्लार्कची नोकरी लागली म्हणून इथं आलो. चाचांचं दुकान बरोबर आमच्या दारासमोर. दुकान कसलं, एक शटर, एक चालू मशीन, एक बंद मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. बंद मशीन त्यांच्या वडिलांचं होतं. त्याच्यावर कुणी चहाचा कप ठेवला तरी चाचा उठून तो कप उचलायचे आणि खाली ठेवायचे. माझं निम्मं बालपण त्या बाकावर गेलं, कारण मी शाळेतून आले आणि आई घरी नसली की मी तिथंच दप्तर टाकून बसायची.

गळ्यात टेप कायम. ईदच्या नमाजाला निघाले तरी नवा कुर्ता, अत्तर आणि गळ्यात टेप. त्यांची मुलगी नसीमआपा ओरडली की काढून खिशात ठेवायचे आणि गल्लीच्या टोकाला गेले की पुन्हा गळ्यात. चाची मी सातवीत असताना वारल्या. आपा लग्न होऊन श्रीरामपूरला गेली. तेव्हापासून चाचा एकटेच. आमच्याकडून भाजी जायची, त्यांच्याकडून ईदला शीरखुर्मा यायचा, आणि डबा परत देताना रिकामा द्यायचा नाही हा नियम दोन्ही घरांनी पाळला.

त्यांच्याकडे मापाची एक जाडजूड वही होती. प्रत्येक माणसाला एक पान. जुनं माप खोडायचं नाही, त्याच्यावर नुसती बारीक रेघ मारायची आणि शेजारी नवं लिहायचं. माझ्या पानावर पहिलं माप बालवाडीच्या फ्रॉकचं होतं. मी चिडलेली असले की ते वही उघडून मला तो आकडा दाखवायचे आणि म्हणायचे, एवढीशी हुतीस आणि आवाज आत्ताएवढाच हुता. वहीवर त्यांचा फार विश्वास. माणूस थापा मारतो, माप मारत न्हाई, हे वाक्य मी लाख वेळा ऐकलं असेल.

कामाच्या बाबतीत त्यांचे दोन हट्ट होते. एक म्हणजे नवं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, जेवढं आटायचं तेवढं आटल्यावरच त्याला कात्री लावायची. दुसरा, शिवताना आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायचं, माणूस उद्या अंगानं सुटला तर उसवून मोठं करता यावं म्हणून. या पहिल्या हट्टापायी गल्लीतल्या बायकांशी त्यांची दर दिवाळीला भांडणं व्हायची. सोनईला काकाचं लग्न होतं तेव्हा आईनं आदल्या दिवशी ब्लाऊजपीस नेऊन दिलं आणि चाचांनी ते तिच्यासमोर बादलीत बुडवलं. आई म्हणाली, कापड आहे का लोणचं, मुरत ठेवायला? चाचा म्हणाले, लग्न उद्या संपंल, ब्लाऊज दहा वर्षं घालायचाय. आई लग्नात जुनाच ब्लाऊज घालून मिरवली आणि पुढं दोन वर्षं तिनं त्यांना टोमणे मारले. चाचांनी भिजवून शिवलेला तो ब्लाऊज मात्र ती अजून घालते.

कपड्यावरून त्यांना माणसाचं सगळं कळायचं. आमच्या शेजारचे गुंजाळ सर, शाळेतून रिटायर झालेले, त्यांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलं. सर रोज पहाटे बूट घालून निघायचे आणि तासाभरानं घाम पुसत परत यायचे. सगळी गल्ली त्यांचं कौतुक करायची. एके दिवशी ते पँट ढिली करायला घेऊन आले. मी बाकावर बसले होते. चाचांनी पँट उलटी केली, मांडीपाशी बघितलं, बुडापाशी बघितलं, खिसा उलटा केला आणि त्या चिकट कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, सर, चालणाऱ्याची पँट मांडीला झिजते. ही बुडाला झिजलीय. आणि जिलबी खिशात ठेवीत जाऊ नका, मुंग्या लागतील.

सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. चाचांनी पँट ढिली करून दिली, वर सांगितलं की आत सोडलेलं कापड आता संपलं, पुढच्या वेळेला चालण्याशिवाय इलाज न्हाई. सर गेल्यावर मी पोट धरून हसायला लागले तर चाचा माझ्यावर चिडले. माझ्यावर चिडलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, “शिंप्याला लोकांचं आतलं दिसतं. ते बाहेर काढायचं न्हाई. तू आज इथं बसली हुतीस, आता तूपण शिंपी.” मी ते खरंच कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय, आणि तेही सरांचं आडनाव बदलून.

इंजिनिअरिंगनंतर मला बाहेर पुढं शिकायला जायचं होतं. ॲडमिशनचं पत्र आलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले. कुणी विचारलं काय शिकणार, कुणी विचारलं नोकरी लागेल का, दोघींनी विचारलं लग्नाचं काय. चाचांनी एवढंच विचारलं की कुठल्या गावाला. मी म्हटलं, मँचेस्टर. त्यांनी पाय मशीनवरून काढला.

“मँचेस्टर? कापडाचं मँचेस्टर?”

मला काय माहीत कापडाचं? मला ते फुटबॉलचं माहीत होतं. चाचांनी सांगितलं, त्यांचे वडील म्हणायचे की खरं कापड म्हणजे मँचेस्टरचं. त्यांच्या वडिलांच्या वडिलांनी ते शिवलं होतं म्हणे, कापडाच्या ठाणावर तिथला शिक्का असायचा, आणि ज्या गावातून सगळ्या जगाला कापड गेलं त्या गावातल्या लोकांना शिलाई कळत असणार. मी त्यांना सांगायला हवं होतं की तिथल्या गिरण्या कधीच्या बंद पडल्या. पण मीही ते पुढं तिकडं गेल्यावरच वाचलं. त्या दिवशी चाचांनी जाहीर केलं की पल्लवी तिथं रेडिमेड घालून जाणार नाही. थंडीचा कोट आपण शिवायचा. केडगावची शिलाई मँचेस्टरनं एकदा बघावी, ही एकच गोष्ट त्यांना हवी होती. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश आणि लग्नाचे सफारी शिवलेल्या माणसाला याहून मोठं काही मागायचं नव्हतं.

कापड त्यांच्या पेटीत होतं. नगरला मिलिटरीच्या सामानाचा लिलाव व्हायचा, तिथून कधीतरी आणलेलं जाड लोकरी कापड, हिरवट खाकी रंगाचं, कडुनिंबाच्या पाल्यात जपून ठेवलेलं. ओव्हरकोट त्यांनी जन्मात शिवला नव्हता. मग एका रिटायर जवानाचा जुना कोट मागून आणला, सगळा उसवला, तुकडे पेपरावर ठेवून कापणी शिकून घेतली आणि त्या जवानाला त्याचा कोट पुन्हा शिवून परत दिला. तो म्हणाला आधीपेक्षा चांगला बसतोय.

कोट तयार झाला, पण चाचांचं समाधान होईना. ऑगस्ट महिना, केडगावात घामाच्या धारा, थंडीचा अंदाज घ्यायचा कसा? तर त्यांचं एक गिऱ्हाईक चिंचेच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होतं. एका दुपारी चाचा मला स्कूटरवर मागं बसवून तिथं घेऊन गेले. आत चिंचेच्या पोत्यांच्या थप्प्या, आंबट वास आणि हाडं गोठवणारा गारठा. मला कोट घालून मधोमध उभं केलं. स्वतः मात्र पातळ सदऱ्यात, हातात खडू. थंडी कुठनं शिरती ते सांग, म्हणाले. मी म्हटलं मानेपाशी. त्यांनी मानेपाशी खूण केली. मनगटापाशी. तिथं खूण. पाठ फिरव, बस, वाक, हात वर कर. मला कोटात फारसं काही वाटत नव्हतं आणि त्यांचे दात वाजत होते. चाचा, बाहेर चला, म्हटलं तर म्हणाले, गप, अजून गुडघे राहिलेत. अर्ध्या तासानं आम्ही बाहेर आलो. त्यानंतर आठ दिवस ते खोकत होते आणि खोकत खोकत त्यांनी कॉलर पुन्हा बसवली.

कोट चार किलोच्या घरात भरला. बॅगेत मावेना, मावला तर वजनात बसेना. शेवटी मुंबईच्या विमानतळावर, त्या उकाड्यात, मी तो अंगात घालून लाइनीत उभी राहिले. तपासणीचा माणूस म्हणाला, मॅडम, बर्फ पुढं आहे. पप्पा काचेपलीकडून हात हलवत होते आणि मला घाम आणि डोळ्यांतलं पाणी वेगळं करता येत नव्हतं.

मँचेस्टर माझ्या अंगावर आलं. एका घरात आम्ही सहाजण, सहा देशांचे, स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावलेला एकेक कप्पा. माझ्या कप्प्यात आईनं दिलेला काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी. बस थांबवायला बटण दाबावं लागतं हे न कळल्यामुळे पहिल्या दिवशी मी तीन स्टॉप पुढं गेले. लोक तोंडभर हसून विचारायचे कशी आहेस, मी उभी राहून नीट सांगायला लागायची, तोवर ते पुढं गेलेले असायचे. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. नोव्हेंबरात चार वाजताच अंधारायचं. केडगावला चार वाजता शाळा सुटते, आई चहा टाकते, चाचांचं मशीन खडखडत असतं. इथं खिडकीतून बघावं तर ओला रस्ता, आणि अख्ख्या शहरात मला नावानं मोठ्यानं हाक मारणारं एक माणूस नाही. मला इतकी आठवण यायची की पोटात दुखायचं, खरोखरचं दुखायचं, आणि मी ते कुणाला सांगत नव्हते.

रविवारी सकाळी अकराला, म्हणजे तिकडच्या दुपारी, मी घरी व्हिडिओ कॉल करायची. चाचा बरोबर त्या वेळेला आमच्याकडं येऊन बसायचे. नोव्हेंबरातल्याच एका रविवारी आई-पप्पांना मी सांगितलं, मजेत आहे, खूप जेवते, भरपूर मैत्रिणी आहेत. ते खूश. मग आईनं फोन चाचांकडं दिला. मी कोटातच होते. चाचा आधी कोटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, गळ्यापाशी झोळ पडलाय, इंचभर उतरलीस, जेवत न्हाईस व्हय? माझा बांधच फुटला. आई मागून काय झालं, काय झालं करत होती. चाचा तिला म्हणाले नेटवर्क गेलं, आणि फोन घेऊन आमच्या ओट्यावर गेले. रडू नको असं ते म्हणाले नाहीत. मी रडून झाल्यावर म्हणाले, “बेटा, नवं कापड हायस तू. तुला आत्ता पाण्यात टाकलंय. आता तू आटणार. आटू दे. आटायच्या आधी कात्री लावायची न्हाई, परत यायचं का ऱ्हायचं ते आत्ता ठरवायचं न्हाई.”

मी विचारलं, किती दिवस आटायचं असतं?

ते म्हणाले, सुती लवकर आटतं, लोकर वेळ खाती. तू लोकर हाय.

त्या एका वाक्यावर मी पुढचे दोन महिने काढले. भात लावायला लागले, चटणी पुरवून खायला लागले, लायब्ररीत खिडकीजवळची एक खुर्ची माझी झाली. पण कोटाचं बिनसलं. चाचांनी थंडीचा विचार केला होता, पावसाचा नाही, आणि त्या शहरात थंडी कमी, पाऊस जास्त. लोकर पाणी पिते. एका सकाळी मी कॉलेजात पोचले तेव्हा कोट ओलागच्च होऊन दहा किलोचा झाला होता आणि आतल्या गरम हवेत त्यातून ओल्या लोकरीचा, कडुनिंबाचा आणि, शप्पथ सांगते, चिंचेचा वास सुटला होता. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. वर्गात पुण्याची एक मुलगी होती. ती सगळ्यांसमोर, मराठीत नाही, इंग्रजीत म्हणाली की ही कुठल्या लढाईवरून आली? सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला आजही राग येतो. परक्यांनी हसावं, त्याचं काही नाही. पण नगरहून पुणं ते किती लांब? कापडाकडं नीट बघितलं असतं तर तिला तिच्या आजोबांच्या कोटाची शिलाई आठवली असती.

दोन दिवसांनी मी सगळ्यांकडं असतं तसलं काळं, फुगीर, पाणी न पिणारं जॅकेट घेतलं. कोट दाराच्या मागं टांगला. दुसऱ्याच दिवशी ट्रामच्या स्टॉपवर एका बाईनं मला पत्ता विचारला. मला! आणि मी तो बरोबर सांगितला. त्या दिवशी मी त्या शहरात रुळले. चालताना इतकं हलकं वाटत होतं की घरी येऊन दार लावल्यावर मागं टांगलेला कोट दिसला तेव्हाच जरा गलबलून आलं.

त्या रविवारी चाचांनी विचारलं, कोटाला काय म्हणतात तिथले?

खरं सांगायला काय झालं होतं? पण जीभ रेटली नाही. मी म्हटलं, एका म्हातारीनं ट्राममध्ये हात लावून बघितला. म्हणाली असं शिवणारं आता कुणी राहिलं नाही, कुठून घेतला? चाचांनी फोन कानापाशी नेला. मग म्हणाले, पुन्हा सांग, काय म्हणाली? मी पुन्हा सांगितलं, आणि या वेळेला म्हातारीचा नवरा शिंपी होता हेही घातलं. संध्याकाळपर्यंत ती म्हातारी केडगावभर झाली. गुंजाळ सरांनी चाचांना शाल-नारळ दिला. आईनं फोटो पाठवला, चाचा शाल अंगावर, टेप शालीवर.

तेव्हापासून दर रविवारी अकराला मी जॅकेट काढून कोट चढवायची. खोलीतला हीटर माझ्या हातात नव्हता, घरमालकाच्या वेळेनं चालायचा, आणि अकराला तो नेमका फुल असायचा. मी चार किलोच्या कोटात घामाघूम होऊन कॅमेऱ्यासमोर बसायची आणि म्हणायची, फार थंडी आहे चाचा. ते म्हणायचे, खांदा झकास बसलाय. शिक्षण संपलं, तिथंच नोकरी लागली, खोली बदलली, पण रविवारचा कोट सुटला नाही. तो सोडला तर ती म्हातारी मरेल असं मला वाटायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात चाचा फोन डोळ्याच्या फार जवळ धरायला लागले. पडद्यावर नुसता एक डोळा आणि भुवई दिसायची. पप्पांनी सांगितलं काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी खांद्याबद्दल बोलणं बंद केलं. फक्त विचारायचे, कोट घातलास? एका रविवारी मी आळस केला. जॅकेटमध्येच होते, हो म्हणून टाकलं. त्यांना कुठं दिसणार होतं? त्या दिवशी घास उतरला नाही. पुढच्या रविवारपासून मी पुन्हा कोट घालून, घाम पुसत, न दिसणाऱ्या माणसासमोर बसायला लागले.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, मला सुट्टी मिळाली. आई फोनवर म्हणाली होती, लवकर ये, आपा चाचांना श्रीरामपूरला न्यायला आलीय, दुकान बंद होतंय. मी पोचले ती दुकानाची शेवटची दुपार. मशीन बाहेर काढलेलं, भिंतीवर त्याची काळी सावली उरलेली. चाचा बाकावर बसले होते, गिऱ्हाइकाच्या जागी. खूप वाळले होते. मी चाचा म्हटल्यावर त्यांनी तोंड वळवलं, पण माझ्या जरा बाजूला बघितलं. गुंजाळ सर आले, आणखी दोघंतिघं जमले. सर म्हणाले, मँचेस्टरहून कोट आलाय चाचा, निकाल जाहीर करा.

मी कोट त्यांच्या मांडीवर ठेवला. मला तेव्हा, त्या क्षणी समजलं की मी किती मूर्ख आहे. ज्या माणसाला पँटच्या खिशावरून जिलबी कळली होती, त्याच्या हातात मी तो कोट दिला होता.

त्यांची बोटं खांद्यावरून खाली उतरली आणि कोपरापाशी थांबली. घातलेल्या कोटाच्या कोपराला फुगवटा येतो, हे मी त्यांच्याच बाकावर बसून शिकले होते. माझ्या कोटाचं कोपर सपाट होतं. मग खिशाचं तोंड, ते तसंच ताठ. काजांचे दोरे, तसेच खरखरीत. मग बोटं वर कॉलरवर गेली, तिथं बराच वेळ राहिली. त्यांनी कॉलर नाकापाशी नेली. सगळे बघत होते. मग चाचांनी मान वर केली आणि म्हणाले, तीन हिवाळे काढलेत ह्यानं. हात लावून बघा, मँचेस्टरची थंडी मुरलीय आत. सरांनी हात लावला आणि हो हो, मुरलीय, म्हणाले.

चाचांनी सगळ्यांना चहाला आमच्या घरी पाठवलं. मला म्हणाले, तू थांब.

“थंडीत घातलेल्या कोटाच्या कॉलरला असा घाम बसत न्हाई, बेटा. माझ्यापुरता घालत हुतीस?”

मी सगळं सांगितलं. पाऊस, वास, पुण्याची मुलगी, जॅकेट, हीटर. ते ऐकत होते, कोटाच्या बाहीवरून हात फिरवत होते. मग त्यांनी विचारलं, “म्हातारी पन न्हाई?”

मी म्हटलं, नाही.

बाकीचं त्यांनी सोसलं. म्हातारी खोटी निघाली ते मात्र त्यांना लागलं. चेहरा एकदम लहान झाला. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मग कोट चाचपत ते म्हणाले, पाण्याचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. कोल्ड स्टोरेजात पाऊस कुठनं यायचा? आणि मग, एवढं सगळं होऊन, ते हसले. म्हणाले, म्हातारीचं गल्लीत असू दे. सरांनी शाल दिलीय.

नंतर त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. गळ्यातला टेप काढला. आकडे दिसत नव्हते, बोटानं इंच मोजत होते, एकेक, अंगठा सरकवत. ते सांगत गेले आणि वहीत माझ्या पानावर मी लिहीत गेले, जुन्या मापावर बारीक रेघ मारून, त्यांच्या पद्धतीनं. छाती झाली, कंबर झाली, खांदा झाला. मागचं माप काय हुतं, त्यांनी विचारलं. मी वाचलं. त्यांनी मनाशी वजाबाकी केली आणि म्हणाले, आटायची थांबलीस. आता बेतायला हरकत न्हाई. कोटात आत दोन बोटं कापड हाय, कुणाकडनंपन सोडवून घे. वही त्यांनी मलाच दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मागं बाक, पेटी आणि वडिलांचं मशीन दोरीनं बांधलेलं. आपानं चाचांना खिडकीशी बसवलं, ती ड्रायव्हरशेजारी बसली. सकाळचा गारठा होता, केडगावला असतो तेवढाच. मी कोट घातला होता. मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी खिडकीतून हात काढून माझं कोपर चाचपलं आणि मान हलवली. मग गल्लीतली सगळी माणसं त्यांना भेटायला पुढं आली, त्या गर्दीत मी मागं सरकत सरकत आमच्या ओट्यापाशी आले.

टेम्पो सुरू झाला तेव्हा चाचांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवायला लागले. गळ्यात टेप. तोंडावर हसू. मी त्यांना जिथं वाटत होते तिथं नव्हते. ते विजेच्या खांबाला हात हलवत होते, आणि त्या खांबापाशी कुणीच नव्हतं. आई म्हणाली, अगं, आवाज दे त्यांना. मी आवाज दिला नाही. मी कोट सावरत धावत गेले आणि ते जिथं बघत होते, तिथं खांबाला चिकटून उभी राहिले. टेम्पो पुणे रोडला वळेपर्यंत मी हात हलवत होते, आणि माझ्या कॉलरपाशी घाम येत होता.